समान कोन, समान वाटा?

त्रिकोणाच्या एकाच शिरोबिंदूतून शिरोलंब, कोनदुभाजक आणि मध्यगा या तीन रेषा निघतात. दोन बाजू समान असतील, तर त्यांच्या सामाईक शिरोबिंदूतून निघणाऱ्या या तिन्ही रेषा एकरूप होतात. बाजू विषम झाल्या की त्या विलग होतात, आणि विद्यार्थ्याची गल्लत नेमकी तेथेच होते.

समजा, दोन भावांच्या त्रिकोणी शेताच्या बाजू १३, १५ आणि पाया १४ काठ्या आहे. पायासमोरच्या कोपऱ्यात सामाईक विहीर आहे. म्हणून बांध तेथूनच निघायला हवा. विहिरीपाशी होणारा कोन दुभागला की वाटणी झाली, असे प्रथमदर्शनी वाटते.

याची शहानिशा करण्याचे साधन जैन परंपरेतच आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. स्थूल आणि सूक्ष्म गणित त्यांनी वेगळे ठेवले. बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याला पायाच्या निम्म्याने गुणण्याची स्थूल रीत या शेताचे क्षेत्रफळ ९८ चौरस काठ्या देते. सूक्ष्म रीतीत प्रथम लंब काढावा लागतो. बाजूंच्या वर्गांतील अंतर ५६. त्यास पायाने भागता ४. हे ४ पायातून वजा करून व पायात मिळवून निम्मे केले, की पायाचे ५ आणि ९ असे खंड मिळतात. १३ च्या वर्गातून ५ चा वर्ग वजा केला की १४४ उरतात. म्हणून लंब १२ आणि खरे क्षेत्रफळ ८४.

आता कोनदुभाजक पाहावा. तो पायाला बाजूंच्या प्रमाणात, म्हणजे १३:१५ असे विभागतो. खंड होतात ६.५ आणि ७.५; वाटे होतात ३९ आणि ४५. पायाचे ७-७ असे भाग करणारी मध्यगा मात्र दोघांना ४२-४२ देते.

म्हणून कोनदुभाजक खोटा ठरत नाही. त्याच्यावरील प्रत्येक बिंदू दोन्ही बाजूंपासून सारख्याच अंतरावर असतो. त्याची समानता अंतराची, मध्यगेची क्षेत्रफळाची. आणि लंब समानतेचे वचनच देत नाही, तो पायापर्यंतची सर्वांत जवळची वाट दाखवतो. नयवाद हेच विचारतो, ‘समान’ म्हटले ते कोणत्या अपेक्षेने?

हा प्रश्न न विचारता बांध घातला, तर ‘कोन अगदी निम्मा केला’ हे थोरल्याचे म्हणणे खरे असूनही धाकट्याच्या वाट्याची तीन चौरस काठ्या जमीन जाते. तीन रेषा वेगळ्या ओळखता येणे, हे परीक्षेतील गुणांपुरते राहत नाही ते यामुळेच.