कमरेची पिशवी

सत्तरी ओलांडल्यावर पाठीवर पिशव्या टाकून न्यूझीलंडमध्ये भटकणे कितपत शहाणपणाचे, असे आपण विचाराल. माझ्या पत्नीला पार्किन्सन आहे. त्यामुळे हा प्रश्न आमच्याही घरी बराच काळ मुक्कामाला होता.

सर्वांत लांबचा दिवस वेलिंग्टन ते क्राइस्टचर्च. कुक सामुद्रधुनी ओलांडून पिक्टनपर्यंत फेरीबोटीचे सुमारे साडेतीन तास, पुढे बसने जवळजवळ ३४० किलोमीटर. मोठ्या पिशव्या बोटीवर सामानात जातात आणि बसमध्ये खालच्या कप्प्यात. म्हणून तिच्या गोळ्या आणि वेळांचा कागद माझ्या कमरेला होता. या आजारात गोळी लांबली, तर पाऊल जागीच खिळू शकते. आणि मागची रांग काही थांबत नाही.

ही सामुद्रधुनी वाऱ्यासाठी प्रसिद्ध. जहाजाच्या मध्यभागी, क्षितिज दिसेल अशा जागी बसावे. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. त्यांतील काहींनी वृद्धांना गुंगी येते, भ्रम होतो, लघवी अडते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड तर पार्किन्सनमध्ये वर्ज्यच.

बसमध्ये स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी तोडणारे आपल्यात पुष्कळ. आम्ही घोट घोट पीत राहिलो. थांबे आधी विचारून ठेवले होते.

कायकोरा येथे २०१६ च्या भूकंपात समुद्रतळ वर उचलला गेला होता. बस थांबताच ती माझा हात न धरता उतरली आणि समुद्राकडे पाहत राहिली.

‘‘किती वाजले?’’ तिने विचारले.

गोळीला अजून वीस मिनिटे होती.