अंगठा वगळून

मराठी भाषेने बोटांना फार राबवून घेतलं आहे. कुणाकडे बोट दाखवायचं, कुणाच्या नावाने बोटं मोडायची, आश्चर्य वाटलं की बोट तोंडात घालायचं, आणि दुसऱ्याला नाचवायचं तेही बोटांवरच. ‘पाची बोटं सारखी नसतात’ हे तर आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की ते तपासून पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. मी घेतली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, गिटारवर. निष्कर्ष असा की म्हण खरी आहे, पण फारच सौम्य आहे. पाची बोटं सारखी तर नसतातच, शिवाय त्यांचं आपापसात पटतही नाही.

तसा माझा बोटांशी संबंध धंद्याचा. बी.कॉम. होऊन २००३ साली मी बँकेत चिकटलो तो थेट कॅश काउंटरवर. ओल्या स्पंजच्या डबीला बोट लावायचं आणि शंभर नोटांचं बंडल असं फडफडवायचं, की समोरच्या खातेदाराला आपले पैसे वाढल्यासारखे वाटावेत! ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आली. त्या दिवसांत आमचं नोटा मोजायचं यंत्र तापून बंद पडे, पण माझी बोटं कधी बंद पडली नाहीत. पुढे मात्र लोक कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा मोबाईलने देऊ लागले आणि माझी बोटं नोकरीत असूनही निवृत्त झाली. अशा वेळी कपाटावर पडलेली गिटार दृष्टीस पडली. कन्येने दहावीच्या सुट्टीत हट्टाने घेतलेली. कन्या पुण्याला कॉलेजात गेली, गिटार आमच्याकडे राहिली. घरात बिनव्याजी अडकलेलं भांडवल बघवत नाही. कॉमर्सच्या माणसाचा तो स्वभावच आहे.

कॉलनीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा शिकवण्या करतो. मी त्याला ‘सर’ म्हणतो, तो मला ‘काका’ म्हणतो. त्यामुळे गुरुपौर्णिमेला कुणी कुणाच्या पाया पडायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

“काका, डाव्या हाताची तर्जनी एक, मधलं दोन, त्याच्या शेजारचं तीन, करंगळी चार,” सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं.

“आणि अंगठा?”

“अंगठा मोजायचा नाही. तो मागे, मानेला टेकवून ठेवायचा.”

मी थक्क झालो. ज्या अंगठ्यावर गावोगावच्या बँका चालल्या, नोट मोजताना जो पुढे आणि कर्जाच्या कागदावर जो सर्वांत खाली, त्याला इथे साधा नंबरही नाही!

मग सरांनी धडा दिला. पाचव्या पडद्यापासून लागोपाठ चार पडदे, प्रत्येक बोटाला एक. सगळ्यांत जाड, म्हणजे सहाव्या तारेवर एक-दोन-तीन-चार वाजवायचं, मग पाचवी तार, मग चौथी, असं पहिल्या तारेपर्यंत खाली यायचं आणि तसंच वर जायचं. पाचवाच पडदा का, तर गिटारच्या डोक्याकडचे पडदे लांब लांब असतात आणि पोटाकडे येता येता जवळ येतात. नवशिक्या करंगळीला तेवढंच चालणं कमी. बोट पडद्याच्या अगदी अलीकडे टेकवायचं, म्हणजे थोड्या जोरात तार बोलते. आणि उचललेलं बोट तारेच्या आसपासच ठेवायचं, वर मंडईत पाठवायचं नाही. उजव्या हाताने त्याच वेळी एकदा खाली, एकदा वर असं तार छेडत राहायचं. ऐकायला हे सगळं लहान मुलांच्या खेळासारखं वाटतं. प्रत्यक्षात एक, दोन आणि चार यांची कशीबशी हजेरी लागते. तीन नंबर गैरहजर.

हा तीन नंबर म्हणजे अनामिका. संस्कृतात अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. आमच्या बँकेत बिननावाचं खातं उघडत नाही, ते किती योग्य आहे हे मला गिटारवर कळलं. तुम्हीही वाचता वाचता करून पाहा. तळवा टेबलावर पालथा टेकवा, मधलं बोट आत दुमडा आणि बाकीची बोटं एकेक करून उचला. तर्जनी उठेल, करंगळी उठेल, अंगठा तर सलाम करील. अनामिका मात्र सरकारी फायलीसारखी जागची हलणार नाही. बिचारीचा दोष नाही. बोटं वळवायचे स्नायू बोटांत नसतातच; काही तळव्यात, काही कोपराच्या खाली दंडुक्यासारखे बसलेले, आणि तिथून दोऱ्यांनी बोटं ओढायची. अनामिकेची दोरी हाताच्या पाठीवर शेजारणींच्या दोऱ्यांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असते. एकत्र कुटुंबातली थोरली सून ती. एकटी बाहेर कशी पडणार?

“मग उपाय?” मी विचारलं.

“सावकाश वाजवा,” सर म्हणाले. तेवीस वर्षांचा मुलगा सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला ‘सावकाश’ म्हणतो, हे दृश्य मोटारसायकलींच्या या युगात दुर्मिळ आहे. त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये मेट्रोनोम घालून दिला. मेल्झेल नावाच्या गृहस्थाने १८१५ साली या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आता ते फुकट टकटक करतं. मिनिटाला साठ ठोके, ठोक्याला एक सूर. चार वेळा न अडखळता झालं तर चार ठोके वाढवायचे, अडखळलं की मुकाट मागे यायचं. कारण विचारलं तेव्हा सर म्हणाले, “काका, बोटांना बरोबर-चूक कळत नाही. जे पुन्हा पुन्हा कराल तेच ती पाठ करतात.” म्हणजे बोटं ही जातिवंत कारकून. वरून जो कागद येईल तो फायलीला लावून मोकळी.

बोटांना ताकद येण्यासाठी स्प्रिंगची खेळणी बाजारात मिळतात, पण मला रॉबर्ट शुमान आठवला. या जर्मन संगीतकाराने तरुणपणी बोटांसाठी असंच एक यंत्र वापरलं होतं. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट कायमचं अधू झालं आणि पियानोवादक व्हायचं राहून गेलं. तो निदान पुढे मोठा संगीतरचनाकार झाला; मला बँकेत ती सोय नाही. तेव्हा यंत्र नको, टकटक बरी.

‘ही’चं मत वेगळं होतं. “अहो, एवढ्या टकटकीत लोक घर बांधून मोकळे होतात,” ती म्हणाली.

हे सगळं चाललं असताना श्रावणात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं, वाचा शाबूत राहिली, चालूही लागले. उजवा हात मात्र परका झाला. अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. त्यांची सही म्हणजे आमच्या घराण्याची एकमेव स्थावर मालमत्ता. सुरुवातीला उंच फरफराटा, मध्ये आडनाव, खाली दोन रेघा आणि रेघांखाली दोन टिंबं. तीन महिन्यांवर नोव्हेंबर आलेला, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, आणि हातात पेन ठरत नव्हतं.

मी त्यांना बँकेचा नियम समजावला. “अण्णा, सही जमत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा.”

“आयुष्यभर लोकांचे अंगठे घेतले मी,” अण्णा म्हणाले. “दिला नाही कधी.”

“मग मोबाईलपुढे नुसता चेहरा धरलात तरी घरबसल्या दाखला मिळतो.”

“चेहरा देवाने दिलेला आहे. सही मी कमावलेली आहे.”

यावर कुठल्याच परिपत्रकात उत्तर नव्हतं.

फिजिओथेरपीच्या बाई येऊ लागल्या. त्यांनी अण्णांना जे दिलं ते ऐकून मी चाटच पडलो. अंगठ्याचं टोक पाळीपाळीने चारही बोटांना लावायचं: एक, दोन, तीन, चार. सावकाश. रोज थोडं, पण रोज. कणकेचा गोळा दाबायचा. एका वाटीतले चाळीस शेंगदाणे चिमटीने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी रोकड मोजली तर एकतीस! दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. तूट कुठे जाते हे शोधायला ऑडिटर लागला नाही. अण्णांचं डावं बोट आणि दात दोन्ही उत्तम स्थितीत होते. तिसऱ्या दिवशी ‘ही’ने शेंगदाण्यांच्या जागी कच्चा राजमा ठेवला आणि हिशेब जुळला.

मग रात्री जेवणं झाल्यावर आमची संयुक्त तालीम सुरू झाली. मेट्रोनोम एक, विद्यार्थी दोन. माझा डावा हात नापास, त्यांचा उजवा. साठ ठोक्यांना अण्णांची पेन्सिल मागे पडे, म्हणून चाळिसावर आणलं, आणि चाळिसावर माझ्या अनामिकेचंही प्रथमच कल्याण झालं.

त्यांना धीर यावा म्हणून मी जँगो राइनहार्टची गोष्ट सांगितली. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं कामातून गेली. उरलेल्या दोन बोटांवर तो पुढे जगातला थोर गिटारवादक झाला. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “सही कुठल्या हाताने करायचा?”

दुसऱ्या दिवशी मी शास्त्राचा आधार घेतला. तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठी जास्त जागा राखलेली असते, असं संशोधकांनी १९९५ साली ‘सायन्स’मध्ये छापलं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवलं; रात्रभर झोपून उठल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला! आमच्या कुठल्याही ठेवीवर एका रात्रीत असं व्याज मिळत नाही. अण्णांना हे शास्त्र फार पटलं. ते दुपारीही झोपू लागले.

एक मात्र खरं. वही भरत होती. पहिल्या पानावर झुरळ शाईतून चालत गेल्यासारख्या रेघा, दहाव्यावर एखादं अक्षर, तिसाव्यावर आडनाव. फरफराटा काही परतला नाही. एका रात्री पेन्सिल खाली ठेवून ते बराच वेळ हाताकडे बघत बसले. मी वाजवायचा थांबलो. “थांबू नकोस,” ते म्हणाले. “ठोका चुकतो माझा.”

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शाखेत गेलो. वडिलांची सही मुलाने पास करायची नसते, म्हणून मी बाजूला उभा. काउंटरवरच्या सहकाऱ्याने नवी सही जुन्या नमुन्याशेजारी धरली. त्यांचं गोत्रसुद्धा एक वाटत नव्हतं. तो हळूच म्हणाला, “काका, नवीन नमुना देता का? तीन वेळा सही करा.”

अण्णांनी खुर्ची ओढून घेतली. एकेक सही दीड मिनिट. मागे रांग वाढत होती; कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. अण्णांचे ओठ मात्र हलत होते: एक, दोन, तीन, चार. सहकाऱ्याने तिन्ही सह्या पाहिल्या. जुनीशी एकही जुळत नव्हती, पण तिन्ही एकमेकींशी जुळत होत्या. बँकेला तेवढं पुरतं. खाली दोन टिंबंही होती.

त्यानंतर घरातल्या तालमीत अण्णा माझे परीक्षक झाले. माझं घोडं सध्या ‘एफ’ या कॉर्डपाशी अडलं आहे. त्यात एकट्या तर्जनीने पहिल्या पडद्यावर सहाही तारा आडव्या दाबायच्या आणि उरलेल्या तिघींनी आपापली कामं करायची. चार महिने झाले, तार नुसती खरखरते. परवा अण्णा म्हणाले, “अरे, रोज अगदी अशीच खरखरते का?”

“अगदी अशीच.”

“मग हाच नमुना म्हणून दाखल करून टाक.”