पेंढ्या आहेत, कापणारे कुठे?

लंडनला जाणारा आपला माणूस आधी किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी जातो. आम्हीही गेलो. १९२१-२२ साली बाबासाहेब विद्यार्थी म्हणून तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ती वास्तू विकत घेतली. तिथे नतमस्तक होऊन आम्ही नॅशनल गॅलरी हे चित्रसंग्रहालय पाहायला गेलो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे खिशाची चिंता नव्हती.

आत एका चित्रापुढे आमचे पाय थांबले. थॉमस गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराने १७५० च्या सुमारास काढलेले 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज'. त्या काळी युरोपात रोकोको शैलीचा बोलबाला होता. फ्रान्समध्ये जन्मलेल्या या शैलीची खूण म्हणजे हलके रंग, नाजूक वळणे आणि श्रीमंतांचा निवांतपणा.

चित्रात डावीकडे ओकच्या झाडाखाली जमीनदार काखेत बंदूक धरून उभा आहे. त्याची पत्नी फिकट निळ्या झग्यात, वेलबुट्टीच्या बाकावर बसली आहे. बाकी सारे चित्र त्यांच्या जमिनीचे. आभाळ भरून आले आहे, पण ऊन उतरून पिवळ्या शेतावर पडले आहे. श्रावणात सर येऊन गेल्यावर शिवार उजळते, तसाच तो उजेड. पाहताना डोळे निवतात.

मग नजर उजवीकडच्या गव्हाच्या पेंढ्यांवर गेली. कापणी झालेली, पेंढ्या बांधून उभ्या केलेल्या. पण विळा धरणारा एकही माणूस चित्रात नाही. आमच्या आईने दुसऱ्याच्या शेतात रोजाने अशा कितीतरी पेंढ्या बांधल्या. संध्याकाळी तिची कंबर सरळ होत नसे. म्हणून ते रिकामे शेत आम्हाला टोचले.

आणखी एक गोष्ट. बाईंच्या मांडीवरचा थोडा भाग रंगवायचा राहून गेला आहे. तिथे निदान जागा तरी राखली आहे. कापणाऱ्यांसाठी तेवढीही नाही.

चित्र सुंदर आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. शेत पाहताना त्यात राबणारा माणूस पाहायला त्यांनीच आपल्याला शिकवले.

आपल्या मुलांना संग्रहालयात जरूर न्या. आधी त्यांना तो उजेड मनसोक्त पाहू द्या. मग हळूच विचारा, पेंढ्या कोणी बांधल्या?