बेल कर्व्ह आणि बाबांचा बोनस

शुक्रवारी अप्रेझल झालं. "मीट्स एक्स्पेक्टेशन्स". म्हणजे पास, पण पेढे वाटण्याइतकं नाही. वर्षभर रात्री-बेरात्री सर्व्हर सांभाळला मी, पण वरचं रेटिंग टीममध्ये एकालाच. बेल कर्व्ह ना!

घरी फोन करून कुरकुर केली. बाबा म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नव्हतं रे."

बाबा एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. दिवाळीचा बोनस सगळ्यांना एकाच टक्क्याने. १९६५ च्या बोनस कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. यंदा किती, यावर अख्ख्या गावाची दिवाळी ठरायची.

"मग कामचुकार माणसालाही तेवढाच?" मी विचारलं.

"तेवढाच. पण पॅनमध्ये दाणा कधी धरतो, हे मला शिकवताना वस्तादानं हातचं राखलं नाही."

हे मात्र लागलं. कारण खरं सांगतो, लॉग तपासायची एक स्क्रिप्ट मी दोन महिने कुणाला दिलेली नाही. म्हटलं, अप्रेझल होऊ दे, मग बघू.

अर्थात सहकारात सगळं गोडच होतं असं नाही. एका हंगामात पगार सहा महिने थकले. लोक हजेरी लावून टपरीवर बसायचे. बाबासुद्धा! बोनस वगैरे नंतर, आधी पगार वेळेवर हवा.

दोन्हींच्या मधलं गणित लिज्जतच्या बायकांनी केव्हाच सोडवलंय. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. कागदोपत्री ती सहकारी संस्था नाही, पण कारभार त्याच तत्त्वावर. पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, मजुरी वजनावर. आणि नफा? तो सगळ्या बहिणींचा, सारखा. म्हणजे कष्टाचा हिशोब ज्याचा त्याला, पण शेजारणीला लाटायला शिकवलं तर आपलं काही जात नाही. उलट फायदाच.

आमच्या एचआरला हे सांगून काही उपयोग नाही, माहितीये. बेल कर्व्ह काही मी बदलू शकत नाही.

असो. ती स्क्रिप्ट सोमवारी टीमला मेल करतोय. रेटिंग तर गेलंच आहे, आता लपवून काय करू?