परतीचे तेल

माझ्या वडिलांची साडेतीनशे सीसीची बुलेट आजही आमच्या वसईच्या घराच्या पडवीत उभी आहे. १९७२ साली शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून हप्ते फेडून त्यांनी ती घेतली. हे इंजिन मूळचे इंग्लंडमधील रेडिचचे. १९५५ साली तेव्हाच्या मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि ते आपल्या रस्त्यांवर रुळले. "तिच्या मूळ रचनेला हात लावायचा नाही," असा वडिलांचा दंडक होता. तो मोडण्याची वेळ माझ्यामुळे आली.

१९९३ च्या मे महिन्यात मी तिच्यावरून अहमदाबाद महामार्गाने निघालो होतो. मनोरच्या अलीकडे इंजिनातून हातोडीसारखे ठोके ऐकू येऊ लागले. तारुण्याच्या गुर्मीत मी वेग उतरवला नाही. थोड्याच अंतरावर मागचे चाक खरडत गेले आणि इंजिन जागीच जाम झाले. टेम्पोत घालून गाडी घरी आणली, तेव्हा वडील एक शब्दही बोलले नाहीत. आई गेल्यापासून तसेही ते फारसे बोलत नसत.

नाक्यावरच्या मिस्त्रींनी इंजिन उघडले. क्रँकपिनवरचा बुश जळून पिनेला चिकटला होता. हा बुश पिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये मोकळा फिरतो. त्यामुळे घर्षणाचा वेग दोन पृष्ठभागांत वाटला जातो. मात्र त्याला तेलाचा अखंड पुरवठा हवा.

"पण मिस्त्री, निघण्यापूर्वी मी वरच्या नळीचा बोल्ट सैल करून पाहिला होता. तेल येत होते!"

"ते परतीचं तेल, बाळा," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी समजावले. इंजिनात दोन पंप असतात. एक क्रँकशाफ्टला तेल पुरवतो. दुसरा खाली जमलेले तेल उचलून माघारी नेतो, आणि वर रॉकरला मिळते ते या दुसऱ्याचे. तेल शाफ्टच्या टोकातून आत शिरते, तेथे कॉर्कचे एक लहानसे सील असते. आम्ही ते वर्षानुवर्षे बदललेच नव्हते. ते कडक होऊन आक्रसले होते. तेल शाफ्टात शिरण्याऐवजी भोवतीने गळत होते, खाली जमत होते आणि वर परत येत होते. वर सारे आलबेल दिसत होते. आत मात्र कोरड पडली होती.

"मास्तर, आता रोलर बेअरिंग बसवू या. त्याला तेल कमी पुरतं," मिस्त्री वडिलांना म्हणाले. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बसवा. पण आधी वाट साफ करा. वाट बुजलेली असेल तर रोलर तरी काय करील?"

त्याप्रमाणेच झाले. दोन्ही फ्लायव्हील वेगळी करून तेलाची छिद्रे तार आणि रॉकेलने स्वच्छ केली. नवी पिन व रोलर बसवून लेथवर डायल लावून शाफ्ट सरळ केला. कॉर्कच्या जागी तेलाला दाद न देणाऱ्या रबराचे सील आले. तीन शनिवार वडील गॅरेजात स्टुलावर बसून सारे पाहत होते.

शेवटच्या संध्याकाळी गाडी घेऊन आम्ही दोघे घरी परतलो. रोज रात्री मी त्यांना "बरे आहे ना?" असे विचारत असे आणि "बरं आहे" या उत्तरावर समाधान मानून झोपत असे. त्या रात्री मी तो प्रश्न विचारला नाही. त्यांच्या शेजारी बाकावर बसलो आणि म्हणालो, "आईची आठवण फार येते का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग पहाटेपर्यंत ते बोलत राहिले.

२००४ साली वडील गेले. जळालेला तो बुश त्यांनी आपल्या टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. तो अजून तेथेच आहे.