श्टुटगार्टचे डिझेल

श्टुटगार्टच्या मर्सिडीझ संग्रहालयात १९३६ सालची ‘२६० डी’ उभी आहे. तिच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. पेट्रोल ठिणगीने पेटते. डिझेल दाबून तापवलेल्या हवेत आपोआप. पेट्रोलची चाल मऊ, डिझेलची धडधडती, पण काटकसरी. म्हणून टॅक्सीवाल्यांनी ही गाडी उचलून धरली. पुढे १९७० च्या दशकात धनिकांच्या एस-क्लासमध्येही डिझेल शिरले. काटकसर श्रीमंतांनाही गोडच! पण हे गाव डोंगरांच्या वाटीत वसलेले. इथला धूर लवकर हलत नाही. २०१९ साली याच गावाने जुन्या डिझेल गाड्यांना वेस बंद केली. वाचकहो, गाडी घेताना आपण मैलाचा खर्च विचारतो; तिच्यामागून चालणाऱ्याने काय हुंगायचे, हेही विचारायला हवे.