दोनशे बारा दिवस

जूनमधल्या एका रात्री चिमूरला वादळ आलं, लाइट गेली आणि त्यासोबत टॉवरही. मोबाइलवरच्या बायबल ॲपमध्ये माझी सलग वाचनाची साखळी २१२ दिवसांवर होती. बारा वाजेपर्यंत मी गच्चीवर फोन उंच धरून फिरत होतो. नेटवर्क आलंच नाही. सकाळी ॲपने आकडा दाखवला : ०.

मला खरंच रडू आलं. आता सांगताना लाज वाटते, पण आलं.

त्याला कारण होतं. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मला साक्ष द्यायची होती. विषय होता आत्मिक वाढ. आमच्या छोट्या मंडळीत इंजिनिअर झालेला मुलगा म्हणून माझं जरा कौतुक आहे, आणि मी तो २१२ चा आकडा सांगणार होतो.

जे सांगणार नव्हतो ते असं : त्या २१२ दिवसांत मी दादाशी एक शब्द बोललो नव्हतो. बाबा नागपूरला ॲडमिट होते, बिल मी भरलं. डिस्चार्जच्या दिवशी हिशेबावरून वाद झाला आणि मी म्हणालो, "पैसे मी दिले, तू काय केलंस?" दादा एकोणीस रात्री बाबांच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपला होता. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी ॲप डाउनलोड केलं.

आमच्या कामात असं होतं कधी कधी. डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे असतात आणि ग्राहकाचं पान उघडत नसतं. तपासणीचा प्रोग्रॅम फक्त सर्व्हर जिवंत आहे का एवढंच विचारतो. तो काम करतो का, हे विचारायला कुणी सांगितलेलंच नसतं.

लाइट नव्हती म्हणून आईच्या कपाटातलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढलं. नारायण वामन टिळकांची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते : नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक परका साहेब भेटला, त्याने नवा करार हातात दिला, पुढे डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. साक्षीत सांगायला ही गोष्ट सोपी. लक्ष्मीबाईंची सोपी नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या कोसळल्या, वेगळ्या राहिल्या, मग सोवळं सांभाळत हळूहळू जवळ आल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षं कुठल्या ॲपमध्ये मोजणार? शिवाय टिळकांचा तापटपणा, घरातली भांडणं त्यांनी झाकून ठेवली नाहीत, बाप्तिस्म्यानंतरचीही नाहीत. आणि सांगतात इतकं हसत हसत, की मी कंदिलाच्या उजेडात एकटाच हसलो.

मग मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं येशू सांगतो. २१२ दिवसांत हा भाग माझा निदान दोनदा वाचून झाला असणार. ॲपमध्ये तो पिवळा रंगवूनही ठेवला होता. या वेळी दिसलं ते एवढंच, की तिथे दुखावलेला भाऊ आहे आणि उठून जायचं ते दुखावणाऱ्याने.

लाइट पहाटे आली ती जास्त व्होल्टेजने. शेतातली मोटर जळली. धानाचे पऱ्हे नुकतेच टाकलेले, वादळाने वारा दिला पण पाऊस जेमतेम. दादा मोटर गाडीला बांधत होता. मी जाऊन दुसरीकडची दोरी धरली.

"मिस्त्र्याकडं चाललो," तो दोरीकडे बघत म्हणाला. "येतं का?"

मोटर मांडीवर घेऊन मी मागे बसलो. बालाजीच्या देवळापर्यंत कुणीच बोललं नाही. तिथे गर्दी होती, गाडी हळू झाली.

"दादा, दवाखान्यात मी जे बोललो ते चुकीचं होतं."

त्याने हॉर्न वाजवला. एक म्हातारी बाजूला झाली.

"एकोणीस नाही, एकवीस रात्री होत्या," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, "मोटर नीट धर बे. पडंल."

रविवारी मी साक्ष दिली नाही. पास्टरांना म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. दादा अजून मोजकंच बोलतो. शनिवारी रिवाइंडिंगचं बिल आलं तेव्हा मी पाकीट काढलं. त्याने माझा हात बाजूला केला आणि अर्धेच पैसे घेतले.